ढ कोण?

पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीला आम्ही तिच्याच पुस्तकातील पहिला धडा वाचायला सांगितला. तिने ओळीवर बोट ठेवले आणि घडाघडा म्हणायला सुरुवात केली. कुठे अडखळणे नाही, कुठे थांबणे नाही. पण बोट तिसऱ्या ओळीवर होते आणि तोंड पाचव्या. धडा तिला पाठ होता. वर्गाने एका सुरात म्हटलेला तो धडा ती कानाने शिकली होती, तिच्या डोळ्यांपर्यंत तो पोचलाच नव्हता. मग आम्ही दुसरीचे पुस्तक उघडले, पान हाताने झाकले आणि एकच शब्द उघडा ठेवला : ‘पाऊस’. ‘प ला काना पा’ इथवर ती आली आणि पुढच्या अक्षरापाशी तिचा आवाज विरून गेला. वहीत ५३ वजा २७ मांडून दिले. तिने लगेच उत्तर लिहिले : ३४. ‘एकोणसाठ’ लिही म्हटले, तर तिने ६९ लिहिले.

ही मुलगी आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या टोपलीशी बसते आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना चुकत नाही. शेजारच्या मुलाने मात्र आम्हाला हळूच सांगितले, ‘ती ढ आहे.’

हा शब्द त्या मुलाने शोधून काढलेला नाही. तो त्याने मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. शाळेच्या कागदांवर त्याच शब्दाला ‘अप्रगत’ असे सोज्ज्वळ नाव आहे, अर्थ तोच. या मुलीच्या कपाळावर आपण ज्या अक्षराचा शिक्का मारला, ते अक्षरही आपण तिला वाचायला शिकवलेले नाही. पाच वर्षे ती रोज शाळेत आली. हजेरीपटावर तिचे नाव आहे, पोषण आहाराच्या नोंदीत तिचे ताट आहे, पोर्टलवर तिचा क्रमांक आहे. फक्त तिच्या हातात वाचन नाही. मग ढ कोण? आम्ही कोणतीही भीड न बाळगता उत्तर देतो : ढ आहे ती शिक्षणव्यवस्था, जिला पाच वर्षांत एका हुशार मुलीला वाचायला शिकवता आले नाही.

तिच्या चुका पुन्हा एकदा नीट पाहा. ५३ मधून २७ वजा करताना तिने सातातून तीन काढले आणि पाचातून दोन काढले. मोठ्यातून लहान वजा होते, हा नियम तिने स्वतःच बांधला आणि काटेकोर पाळला. दशकाचा गठ्ठा सोडून त्याचे दहा सुटे करता येतात, हे तिच्या हाताला कोणी दाखवलेच नाही. ‘हातचा’ तिला फळ्यावर दिसला, पण तो कुठून आला हे कळले नाही. ‘एकोणसाठ’मध्ये तिला ‘साठ’ ऐकू आले म्हणून तिने सहा लिहिले, ‘एकोण’ ऐकू आले म्हणून नऊ लिहिले. साठाला एक कमी, हे त्या शब्दात दडलेले गणित कोणी तिच्यासाठी उलगडले नाही. मराठी संख्यानामे लहान मुलांना अवघड आहेत. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच आधी येतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असे वाचन सुचवले, तेव्हा सारा महाराष्ट्र त्यावर तुटून पडला. विनोद झाले, भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. पण मुले नेमकी कुठे अडतात, हा प्रश्न ज्या कळकळीने त्या पुस्तकाने विचारला होता, त्या कळकळीने त्याचे उत्तर कोणी शोधले? टीका करणाऱ्यांपैकी किती जण एका तरी मुलाशेजारी बसून ‘एकोणसाठ’ लिहून घ्यायला गेले?

ही एकाच मुलीची कहाणी असती, तर आम्ही अग्रलेखाची जागा खर्ची घातली नसती. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारी ‘असर’ पाहणी घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवते, एक कागद त्याच्या हाती देते आणि वाचायला सांगते. २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. म्हणजे शंभरातील पंचावन्न मुले पाचवीत पोचली, पण दुसरीचे वाचन त्यांच्यापर्यंत पोचले नाही. तिसरीत ही मजल मारणारी मुले शंभरात २४ सुद्धा नव्हती. सरकारी आणि खासगी शाळा एकत्र धरल्या, तरी पाचवीतील ३०.७ टक्के मुलांनाच साधा भागाकार आला. पूर्वीच्या फेरीपेक्षा हे आकडे सुधारले म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्यांना आम्ही विचारतो : घरात दहा माणसे जेवायला बसली आणि सहा उपाशी उठली, तर गेल्या वेळी सात उपाशी होती असे सांगून यजमानाने मान वर करायची काय? महाराष्ट्र वाचनात देशाच्या सरासरीपेक्षा पुढे राहत आला आहे, हे खरे. पण ज्या राज्यात भिडेवाड्यात १८४८ साली मुलींची शाळा उघडली, त्या राज्याने या सरासरीशी स्वतःची तुलना करावी, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे.

मूल मागे कसे पडते, हेही समजून घ्या. पहिलीत एखादा महिना आजारपणात जातो, किंवा आईबापांबरोबर मूल गावाबाहेर जाते, किंवा नुसतेच त्याला बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. मुळाक्षरे अर्धी राहतात. शिक्षक पुढच्या धड्यावर जातात, कारण अभ्यासक्रम संपवायचा आहे. दुसरीत जोडाक्षरे येतात, तेव्हा त्याची बाराखडी कच्ची असते. तिसरीत परिसर अभ्यास येतो आणि आता पुस्तक असे धरून चालते की मुलाला वाचता येते. तिथून पुढे ते मूल वर्गात असूनही वर्गात नसते. ते फळ्यावरचे उतरवून घेते, सुबक अक्षरात उतरवून घेते, आणि त्या वहीवर ‘छान’ असा शेरा मिळतो. उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे आणि एका सुरात म्हणणे म्हणजे वाचणे नव्हे, हे ज्यांना कळायला हवे, ते सारे त्या वहीवर सही करून मोकळे होतात.

यावर एक टोळी लगेच ओरडते : नापास करा! आठवीपर्यंत ढकलगाडी चालू ठेवली म्हणून हे झाले! ही ओरड फसवी आहे. ज्या पद्धतीने मूल एका वर्षात शिकले नाही, त्याच पद्धतीने, त्याच वर्गात, आपल्यापेक्षा लहान मुलांत मान खाली घालून दुसरे वर्ष बसवल्याने ते शिकेल, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? नापास करणे हा मुलाला दिलेला दंड आहे. गुन्हा ज्याचा, त्याला दंड करा.

आणि गुन्हा कायद्यानेच गुन्हा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि ज्याला गरज असेल त्याला त्यानुसार जादा शिकवावे. म्हणजे मागे पडलेल्या मुलाला हात देणे हा कोणाचा दानधर्म नाही, कोणा उत्साही शिक्षकाचा छंद नाही, तो त्या मुलाचा हक्क आहे. मुलांना नापास करू नका, हे कलम सर्वांनी तोंडपाठ केले, कारण ते पाळायला कष्ट लागत नव्हते. त्यांना जादा शिकवा, हे कलम मात्र कपाटात बंद झाले. ढकलगाडी कायद्याने निर्माण केलेली नाही. कायद्याचे अर्धे पान फाडून टाकल्याने ती निर्माण झाली आहे.

सगळा दोष शिक्षकांवर ढकलणाऱ्यांनी द्विशिक्षकी शाळेतील एक दिवस डोळ्यांनी पाहावा. दोन शिक्षक, चार इयत्ता. परिपाठ संपतो न संपतो तोच फोन वाजतो : अमुक माहिती बारा वाजेपर्यंत भरा. मग तांदूळ मोजा, ताटांची संख्या कळवा, फोटो चढवा. आधारची जुळणी करा, यू-डायसची माहिती दुरुस्त करा, कुठल्या तरी सप्ताहाचा अहवाल पाठवा. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. पण या तीन दरवाजांतूनच वर्षाचे कितीतरी दिवस वाहून जातात आणि उरलेल्या दिवसांत पोर्टल शिक्षकाला गिळते. दोघांपैकी एक शिक्षक बैठकीला गेला, की चारही इयत्ता एका खोलीत कोंबल्या जातात. अशा वेळी ज्या मुलीला ‘ऊ’ ओळखता येत नाही, तिच्याजवळ दहा मिनिटे बसायला कोणी उरतच नाही. होय, कामचुकार शिक्षकही आहेत, त्यांची आम्ही गय करत नाही. वर्षानुवर्षे एका मुलालाही समोर बसवून न ऐकता ‘प्रगत’ असा शेरा मारणारा शिक्षक त्या मुलाचा विश्वासघात करतो. पण ज्या सरकारने शिक्षकाला कारकून केले, त्याला त्या शिक्षकाकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.

योजनांची मात्र कधीच टंचाई नव्हती. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. शाळा प्रगत म्हणून जाहीर झाल्या, फलक लागले, भिंती रंगल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने स्वतःच कबूल केले की देशातील पाच कोटींहून अधिक मुलांना पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञान आलेले नाही, आणि २०२५ पर्यंत प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला ते येईल असे वचन दिले. पुढच्याच वर्षी, ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ सुरू झाले आणि मुदत २०२६-२७ वर गेली. तिसरी संपताना मुलाने मिनिटाला साठ शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात, असे त्याचे उद्दिष्ट. उद्दिष्ट उत्तम आहे, आमचे त्याच्याशी भांडण नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये, शाळेचे वर्ष संपत आले असताना, दुसरी ते पाचवीसाठी वेगळा कृती कार्यक्रम काढण्याची वेळ ज्या शासनावर येते, त्याने चार वर्षे काय केले? मुदत सरकते, परिपत्रक बदलते, योजनेचे नाव बदलते. मुलाचे वय मात्र थांबत नाही. करोनात २०२० च्या मार्चपासून जवळजवळ दोन वर्षे ज्यांच्या पहिली-दुसरीला शाळेचे दारच दिसले नाही, ती मुले आज प्राथमिक शाळा ओलांडून गेली आहेत. त्यांचे राहून गेलेले कोण भरून देणार?

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र पेटला होता. पहिलीपासून तिसरी भाषा कोणती, यावर. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला मागे घ्यावा लागला. मराठीसाठी लोक उठले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच उन्हाळ्यात आपल्या लाखो लेकरांना पहिलीच भाषा वाचता येत नव्हती आणि त्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. मराठीवर आक्रमण झाले की आपण अंगावर धावून जातो. मराठी मुलाच्या हातून मराठीचे पुस्तकच निसटते, तेव्हा आपण का स्वस्थ बसतो? ज्या मुलाला ‘पाऊस’ वाचता येत नाही, त्याच्यासाठी अभिजात भाषेच्या दर्जाचा सोहळा कोणत्या कामाचा?

आणि ज्यांची घरची भाषाच मराठी नाही, त्यांचे काय? धडगावच्या डोंगरातले पोर घरात पावरी बोलते. मेळघाटातले पोर कोरकू बोलते, आणि कोरकू तर मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नातेही नाही. ते मूल शाळेत पहिल्या दिवशी येते आणि गुरुजींचा एकही शब्द त्याला कळत नाही. त्याला आधी आपल्या बोलीचे बोट धरून मराठीपर्यंत आणायला हवे. आपण त्याच्यापुढे थेट बाराखडी फेकतो आणि ते गप्प बसले की मंद ठरवतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये जाऊन, त्यांच्या अंगणात, त्यांच्या रानात शाळा नेली. तो रस्ता घालून दिलेला आहे. त्यावर गवत उगवू देण्याचे पाप आपले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांचीही तीच गत. बीडच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी किंवा ट्रक निघतो, त्यात मुलांची शाळाही भरून जाते. कोपीवर चूल पेटवणाऱ्या, धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीची फेब्रुवारीतली हजेरी कोरी असते. ती एप्रिलमध्ये परतते आणि जूनमध्ये पुढच्या वर्गात बसते. गेलेले पाच महिने तिला परत देण्याची तजवीज कुठल्या वेळापत्रकात आहे?

उपाय माहीत नाही, असे कोणी म्हणू नये. उपाय आपल्याच मुंबईच्या वस्त्यांत जन्मला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा महापालिकेच्या शाळांत तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन, पंधरा-वीस जणांच्या गटात, वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींनी शिकवले. त्यांना ‘बालसखी’ म्हणत. मुले कोणत्या इयत्तेत आहेत हे न पाहता, त्यांना आज काय येते तिथून त्या सुरुवात करत. मुले शिकली, आणि सर्वांत मागे असलेली मुले सर्वांत जास्त शिकली. या प्रयोगाचा अभ्यास करणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आफ्रिकेतील झांबियासारख्या देशाने ही पद्धत आपल्या सरकारी शाळांत नेली. आणि ज्याच्या मातीत ती उगवली, त्या महाराष्ट्रात पाचवीचा शिक्षक आजही पाचवीचे पुस्तक अशा वर्गापुढे उघडतो, ज्यातील कितीतरी मुलांना ते वाचताच येत नाही!

हे काम कसे होते, तेही आम्ही पाहिले आहे. एका शाळेत बाईंनी तीन इयत्तांतली नऊ मुले सतरंजीवर गोल बसवली. मधे आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले. ‘त्रेपन्न काढा.’ पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या पुढे आल्या. ‘यातून सत्तावीस मला द्या.’ एका मुलाने दोन गठ्ठे दिले, मग सुट्या तीन दिल्या आणि थांबला. आणखी चार हव्यात, पण सुट्या संपल्या. बाई काही बोलल्या नाहीत. त्याने गठ्ठ्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि रबर काढले. दहा काड्या सतरंजीवर पसरल्या. त्यातल्या चार त्याने दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि ओरडला, ‘सव्वीस!’ हातचा कुठून येतो, हे त्याला आता आयुष्यभर कोणी सांगायची गरज उरणार नाही. खर्च किती? काड्या, रबर, आणि त्या बाईंचा कोणीही हिरावून न घेतलेला अर्धा तास.

तो अर्धा तास, तो एक तास, हीच आमची मागणी आहे. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक सरकारी शाळेत दिवसाचे पहिले दोन तास, एक भाषेचा आणि एक गणिताचा, शासनाने हात न लावता मुलांना द्यावेत. त्या वेळात माहिती मागणारा संदेश पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारावा. तिसरी ते पाचवीच्या मुलांना त्या वेळात इयत्तेप्रमाणे न बसवता, येते त्या पातळीप्रमाणे बसवावे. वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाला समोर बसवून, तोंडी ऐकून तपासावे. आकडे वाईट आले म्हणून शिक्षकाला नोटीस काढू नये, नाहीतर पुन्हा खोटे आकडे येतील. आकडे खोटे आले, तर मात्र कोणाचीही गय करू नये. रिकाम्या जागा भराव्यात. आदिवासी पाड्यांवर मुलांची बोली बोलणारी व्यक्ती पहिलीच्या वर्गात असावी. आणि शाळेतला सर्वांत कसलेला शिक्षक पहिलीला द्यावा, उरलेला नव्हे.

पैसा नाही, हे कारण या राज्याने सांगू नये. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी महसूल शेतकऱ्यांच्या घामाचा आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर, हा त्यांचा आक्षेप होता. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे आधी लक्ष द्या, ही त्यांची मागणी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आज पालक मूल पाठवतात. ऊन असो, पाऊस असो, मजुरी बुडवून पाठवतात. मूल शाळेत येते आणि न शिकता परत जाते. आता दंड कोणाला करायचा, याचा निकाल शाहूंच्या महाराष्ट्राने द्यायचा आहे.

वाचकहो, शासन जागे होण्याची वाट पाहू नका. येत्या आठवड्यात आपल्या गावच्या, आपल्या वॉर्डातल्या शाळेत जा. दुसरीचे पुस्तक मागा. पाचवीतल्या एका मुलाशेजारी जमिनीवर बसा. त्याला न घाबरवता, न हसता, चार ओळी वाचू द्या. त्याला आले, तर गुरुजींना मनापासून नमस्कार करून या. नाही आले, तर ते मूल ढ नाही, हे आधी त्यालाच सांगा. मग ग्रामसभेत उभे राहा, शाळा व्यवस्थापन समितीत उभे राहा, आमदारापुढे उभे राहा, आणि कलम २४ चा हिशेब मागा. तो मिळेपर्यंत खाली बसू नका.